लव्हाळ्याचा पाठ : गवतासारखे, पण गवत नव्हे

शाळेच्या पटांगणाच्या कडेस उगवलेली कोणतीही बारीक हिरवी पाती दाखवून मुलांस तिचे नाव विचारले, तर बहुधा 'गवत' हे एकच उत्तर मिळते. दूर्वा, भाताचे रोप, शेतातील मोथा, ओढ्याकाठचा लव्हाळा ही सारी त्यांच्या दृष्टीने गवतेच असतात. 'लव्हाळा' हा शब्द मात्र मुलांच्या कानांवरून गेलेला असतो. महापुरात मोठाले वृक्ष उन्मळून जातात आणि नम्र लव्हाळा तगतो, हा तुकाराम महाराजांचा दृष्टान्त आपण त्यांस शिकवतो, नम्रतेचा अर्थ सांगतो आणि पुढच्या पाठाकडे वळतो. पण तो लव्हाळा म्हणजे नेमके काय, तो कोठे उगवतो आणि पुरात तगतो तो कशाच्या बळावर, हे पाहावयाचे राहून जाते. वास्तविक ती वनस्पती पावसाळ्यात शाळेपासून शंभर पावलांवर उभी असते. भाषेचा पाठ व निसर्गाचा पाठ यांची सांगड घालण्याची अशी संधी वारंवार मिळत नाही. ती शिक्षकांनी कशी साधावी, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

कुलाची ओळख

लव्हाळा, मोथा व त्यांची भावंडे यांचे वनस्पतिशास्त्रात एक स्वतंत्र कुल मानलेले आहे. त्यास मुस्तक कुल अथवा सायपेरेसी असे म्हणतात. मोथ्याचे संस्कृत नाव मुस्ता. त्यावरून कुलाचे हे नाव पडले. जगभर या कुलाच्या सुमारे साडेपाच हजार जाती ज्ञात असून त्यांतील सुमारे दोन हजार एकट्या कॅरेक्स या प्रजातीत मोडतात. लव्हाळा हे नाव लोकव्यवहारात एकाच जातीस दिलेले नाही. पाणथळ जागी उगवणाऱ्या या कुलातील अनेक जातींस खेड्यापाड्यांत लव्हाळा म्हणतात. शेतकरी ज्या तणास लव्हाळा अथवा नागरमोथा म्हणतो, त्याचे शास्त्रीय नाव सायपरस रोटुंडस. हे नाव स्वीडनचा शास्त्रज्ञ लिनीयस याने १७५३ मध्ये दिले.

आपल्या प्रदेशातील या वनस्पतींची व्यवस्थित नोंद होऊन शतकाहून अधिक काळ लोटला आहे. थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातील वनस्पतींचे वर्णन करणारा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केला. त्यात या कुलाचेही वर्णन आहे. विद्वानांनी केलेले हे काम ग्रंथालयात आहे. मुलांच्या हाती मात्र ते अजून यावयाचे आहे.

बोटांनी करावयाची परीक्षा

गवत व लव्हाळा यांतील भेद ओळखण्यास भिंग लागत नाही. दोन बोटे पुरतात. लव्हाळ्याचा फुलोरा धरणारा दांडा चिमटीत धरून हळूच फिरवावा. गवताचा दांडा बोटांत गोल फिरतो. लव्हाळ्याचा दांडा अडखळत फिरतो, कारण त्यास तीन कडा असतात. ब्लेडने तो शिक्षकांनी आडवा कापून दाखवला म्हणजे त्रिकोण स्पष्ट दिसतो आणि आत पांढरा भरीव गाभाही दिसतो.

यानंतर भाताचे एक रोप व लव्हाळ्याचे एक रोप शेजारी ठेवून पुढील चार गोष्टी मुलांकडून तपासून घ्याव्यात.

पहिली गोष्ट पेऱ्यांची. भाताच्या काडीवर ठिकठिकाणी पेरे असतात आणि दोन पेऱ्यांमधील भाग पोकळ असतो. लव्हाळ्याचा दांडा बुडापासून फुलोऱ्यापर्यंत एकसंध असतो. त्यावर मध्ये कोठेही पेरे नसते. दुसरी गोष्ट पानांच्या मांडणीची. रोपाकडे वरून पाहिले असता भाताची पाने दोन दिशांस, समोरासमोर गेलेली दिसतात. लव्हाळ्याची तीन दिशांस जातात. तिसरी गोष्ट पानाच्या बुडाची. भाताच्या पानाचा खालचा भाग काडीस गुंडाळलेला असतो, पण त्याच्या कडा जुळलेल्या नसतात, म्हणून तो नखाने उलगडता येतो. लव्हाळ्यात तोच भाग बंद नळीसारखा असतो आणि फाडल्यावाचून उघडत नाही. चौथी गोष्ट दाण्याची. भाताचा दाणा तुसाच्या दोन शकलांत बंदिस्त असतो. लव्हाळ्याचे बारीक कठीण फळ एका खवल्याच्या आड बसलेले असते.

येथे एक सावधगिरी घ्यावी. चौकस मूल लगेच विचारील, 'उसाचा दांडा भरीव असतो. मग ऊस लव्हाळा काय?' हा प्रश्न फार मोलाचा आहे. ऊस व ज्वारी ही तृण कुलातील असूनही भरीव आहेत, परंतु त्यांस ठळक पेरी आहेत. उलट मुस्तक कुलातही काही पाणवनस्पतींचे दांडे गोल असतात. म्हणून एका खुणेवर निर्णय देऊ नये; तीन-चार खुणा जुळल्या म्हणजे मगच नाव उच्चारावे. शास्त्राची ही शिस्त या वयात लागली, तर ती पुढे कोणत्याही विषयात उपयोगी पडते.

मीरा रोडची ओल

ठाणे जिल्ह्याच्या किनारपट्टीत मीरा रोड व भाईंदर हा परिसर या अभ्यासास विशेष सोयीचा आहे. पूर्वेस राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस समुद्र, आणि मध्ये मिठागरे, खाजणे व पूर्वीची भातखाचरे अशी येथील रचना आहे. पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो. डोंगराच्या पायथ्यापासून खाडीपर्यंतचे अंतर थोडे असल्यामुळे काही किलोमीटरांतच गोड्या पाण्याची ओल, शेतातील साचलेले पाणी व भरतीचे खारे पाणी हे ओलीचे तिन्ही प्रकार भेटतात.

काशीमिरे, चेणे व घोडबंदर या बाजूस डोंगरातून उतरणाऱ्या ओहोळांच्या काठी लव्हाळ्याचे झुबके आढळतात. पायवाटेच्या कडेस, जेथे माती दबलेली पण ओलसर असते, तेथे वीतभर उंचीची किलिंगा उगवते. दांड्याच्या टोकाशी तिचा पांढरट, मण्यासारखा गोल फुलोरा असतो, त्यामुळे मुले ती चटकन ओळखतात. भातखाचरांत, आणि जेथे खाचरे होती अशा मोकळ्या भूखंडांत, सायपरस आयरिया व सायपरस डिफॉर्मिस या जाती भाताबरोबरच वाढतात. खाजणाच्या बाजूस तिवरांचे राज्य असते. तथापि मुस्तक कुलातील काही जाती खारेपणही सोसतात आणि चिखलाच्या कडेला आपले पाय रोवून असतात.

या परिसराचे स्वरूप आता पालटले आहे. येथे १९८५ मध्ये नगरपालिका व २००२ मध्ये महानगरपालिका झाली, आणि गावांच्या जागी मोठे शहर उभे राहिले. लोकांस घरे हवीत, रस्ते हवेत. त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. पण भराव घालून जमीन उंच केली, म्हणजे तेथील ओल जाते आणि ओलीबरोबर लव्हाळाही जातो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबई व तिच्या उपनगरांत पाणी शिरले. अशा दिवशी पाण्यास पसरावयास जागा लागते. सखल, पाणथळ जमीन ही ती जागा असते.

याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन खारफुटीच्या तोडीस मनाई केली आणि २०१८ च्या निकालाने ते संरक्षण कायम केले. तिवराला लोकांनी नावाने ओळखले, त्याचे काम जाणले, म्हणून त्याची बाजू मांडली गेली. लव्हाळ्याच्या पाणथळीस असे ओळखणारे थोडे. ज्याचे नाव ठाऊक नाही ते नाहीसे झाले, तरी ते गेले हेही कळत नाही. नाव शिकवण्याचे महत्त्व यासाठीच आहे.

पुरात तगण्याचे रहस्य

आता दृष्टान्ताकडे वळू. लव्हाळा वाकतो म्हणून वाचतो, हे खरेच आहे. पण ते अर्धे उत्तर आहे. त्याची त्रिकोणी दांडी वाकते, तशीच ती सहज पिळतेही. मुलांनी दांडीची दोन टोके धरून पिळून पाहावी. वाऱ्याचा झोत किंवा पाण्याचा लोंढा आला, की ती आडवी होऊन अंग वळवते आणि त्यामुळे तिच्यावरील जोर कमी होतो. ताठ उभा असलेला वृक्ष सारा जोर अंगावर घेतो.

उरलेले अर्धे उत्तर जमिनीखाली आहे. लव्हाळ्याचा एक झुबका कुदळीने मातीसकट उचलून बादलीतील पाण्यात हळूहळू धुवावा. माती निघून गेली, की मुळांचे दाट जाळे व त्यातून आडवी धावणारी खोडे दिसू लागतात. या आडव्या खोडास शास्त्रात मूलक्षोड म्हणतात. नागरमोथ्यात या खोडांवर काळसर, सुगंधी कंद असतात आणि माळेतील मण्यांप्रमाणे एकापुढे एक गुंफलेले असतात. वरची पाती पुराने नेली, गुराने खाल्ली किंवा विळ्याने कापली, तरी खालच्या कंदावर डोळे शिल्लक असतात. त्यांतून नवा कोंब येतो. चिखलात उगवणाऱ्या जातींच्या अंगात हवेच्या बारीक पोकळ्याही असतात. त्यांतून वरची हवा मुळांपर्यंत उतरते आणि एरवी जेथे मुळे कुजली असती तेथे ती जिवंत राहतात.

मुळांचे हेच जाळे ओढ्याची कड धरून ठेवते. ज्या काठावर लव्हाळा दाट आहे तो काठ आणि ज्यावरील लव्हाळा खणून टाकला आहे तो काठ, यांची पावसाळ्याच्या शेवटी तुलना करावी. एका झुबक्याने किती माती धरली होती, हे धुतलेल्या बादलीच्या तळाशी बसलेल्या गाळावरून मुलांस प्रत्यक्ष दाखवता येते. नम्रता म्हणजे दुबळेपणा नव्हे, हे निराळे सांगावे लागत नाही.

शेतकऱ्याची बाजू

ज्या मुलांच्या घरी शेती आहे ती मात्र विचारतील, 'गुरुजी, आमचे वडील तर लव्हाळ्यास वैरी म्हणतात.' त्यांचे म्हणणे योग्य आहे आणि ते टाळू नये. जगातील तणांचा आढावा घेणारा एक मोठा ग्रंथ १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नागरमोथ्यास जगातील सर्वांत उपद्रवी तण ठरवले होते. नव्वदाहून अधिक देशांत व पन्नासाहून अधिक पिकांत त्याचा उपद्रव नोंदला गेला आहे.

जमिनीखालचे जे बळ पुरात त्यास तारते, तेच शेतात शेतकऱ्यास जेरीस आणते. पाती उपटली की कंद खालीच राहतो. नांगराने कंदांची माळ तुटली की प्रत्येक मणी स्वतंत्र रोप होऊ पाहतो. म्हणून त्याचा बंदोबस्तही खालूनच करावा लागतो. उन्हाळी नांगरटीने कंद वर येऊन कडक उन्हात पडले तर ते सुकून मरतात. मोथ्यास सावली सोसत नाही. म्हणून पीक लवकर दाट होऊन जमीन झाकली गेली तर त्याचा जोर ओसरतो. भातखाचरातील सायपरस आयरियासारख्या जातींची गोष्ट वेगळी. त्या एका हंगामाच्या असून बियांपासून वाढतात. बेणणी करताना त्या फुलोरा पिकण्यापूर्वीच उपटल्या, तर पुढील वर्षाचे बी जमिनीत पडत नाही. दोन्ही तणे दिसावयास सारखी, पण उपाय भिन्न. वनस्पती नीट ओळखण्याचा शेतीस उपयोग काय, याचे याहून सोपे उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

हाच मोथा औषधातही आहे. चरकसंहितेत मुस्तेचा उल्लेख येतो. आयुर्वेदात ताप व अतिसार यांवरील योगांत ती वापरतात. वाळलेला सुगंधी कंद उटण्यात व धूपात घालतात. कालिदासाच्या शाकुंतलात, राजाने शिकार थांबवल्यावर रानडुकरांनी डबक्यात निर्धास्तपणे मुस्ता उकरावी, असे वर्णन आहे. आजही रानडुकरे हे कंद उकरून खातात. याच कुलातील दांड्यांपासून बंगालमध्ये मादुर व तामिळनाडूत पत्तमडई येथील चटया विणल्या जातात, आणि प्राचीन मिसरचा पपायरस हा कागदही याच कुलातील वनस्पतीचा होता. तण हे वनस्पतीचे जन्मनाव नव्हे. नको त्या जागी उगवली म्हणजे आपण तिला ते देतो.

कासचे पठार आणि हिमालयाची कुरणे

किनाऱ्यावरून घाट चढून गेले तरी या कुलाची सोबत सुटत नाही. सातारा जिल्ह्यातील कासचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवर आहे. पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर २०१२ मध्ये त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. तेथे जांभ्या खडकावर मातीचा अगदी पातळ थर आहे. पावसाळ्यात तो पाण्याने चिंब होतो आणि पुढे उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत पडतो. प्रेक्षक रंगीत फुले पाहावयास जातात. त्या फुलांच्या मधूनमधून मुस्तक कुलातील बुटक्या जाती व गवते ती पातळ माती धरून असतात. म्हणून तेथे सहल नेली तर ठरलेल्या वाटेखेरीज पाऊल टाकू नये, हे मुलांस आधी समजावून द्यावे.

आणखी उंचावर, हिमालयात वृक्षांची सीमा संपल्यानंतर लागणाऱ्या ओलसर कुरणांत, म्हणजे ज्यांस उत्तराखंडात बुग्याल म्हणतात तेथे, या कुलाचे महत्त्व फारच वाढते. तिबेटच्या पठारावर कोब्रेशिया पिग्मिया नावाची एक चिमुकली जाती आहे. अलीकडे शास्त्रज्ञ तिचा समावेश कॅरेक्स या प्रजातीत करतात. तिची उंची केवळ २ ते ४ सेंटिमीटर, म्हणजे मुलाच्या बोटाच्या दोन पेरांएवढी. परंतु ही जाती जेथे प्रमुख आहे अशी कुरणे सुमारे साडेचार लाख चौरस किलोमीटरांवर पसरलेली आहेत. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ सुमारे तीन लाख आठ हजार चौरस किलोमीटर आहे, हे सांगितले म्हणजे त्या विस्ताराची कल्पना मुलांस येईल. समुद्रसपाटीपासून ३,००० मीटरपासून जवळजवळ ६,००० मीटर उंचीपर्यंत ती आढळते.

थंडी, बोचरा वारा आणि सतत चरणारे याक व मेंढ्या यांच्यापुढे उंच वाढणे परवडत नाही. म्हणून ही वनस्पती आपला संचय जमिनीखाली ठेवते. तिच्या मुळांची इतकी घट्ट वीण होते, की जमिनीवर घोंगडी अंथरल्यासारखी वाटावी. ही घोंगडी माती व पाणी धरून ठेवते आणि पशुपालकांचा चरितार्थ तिच्यावर चालतो. मात्र एकदा ती फाटली, की उघड्या पडलेल्या मातीस वारा व पाणी झिजवू लागतात आणि ते ठिगळ भरून येणे फार अवघड होते. मीरा रोडच्या पाणथळीत, कासच्या जांभ्यावर आणि तिबेटच्या पठारावर हवामान निरनिराळे आहे. लव्हाळ्याच्या कुलाची रीत मात्र एकच आहे: वर थोडे दाखवावे आणि खाली पुष्कळ धरावे.

वर्गासाठी काम

हा पाठ जुलै ते सप्टेंबर या काळात घ्यावा. त्यासाठी काही सूचना देत आहोत.

१. फेरीपूर्वी प्रत्येक मुलाने घरून एक 'गवत' आणावे. वर्गात चारही खुणा तपासून तृण कुल व मुस्तक कुल अशा दोन राशी कराव्यात. ज्यांविषयी एकमत होत नाही त्यांची तिसरी रास ठेवावी. ती लपवू नये. गणेशोत्सवात आणलेल्या दूर्वाही तपासाव्यात. त्यांच्या जमिनीवर सरपटणाऱ्या खोडास पेरी असतात व पेऱ्यांपाशी मुळे फुटतात, हे मुलांनी स्वतः पाहावे.

२. एका जुन्या डब्याच्या तळाशी भोक पाडून, त्यात माती भरून नागरमोथ्याचा एकच कंद लावावा. दर सोमवारी वर आलेले कोंब मोजून तक्त्यात लिहावेत. सत्र संपताना डबा रिकामा करून कंद मोजावेत. गणिताच्या तासास यापेक्षा चांगले आकडे मिळणार नाहीत. ही माती शेतात अथवा बागेत टाकू नये. कंद उन्हात पूर्ण वाळवावेत.

३. गावातील पाणथळ जागांचा साधा नकाशा काढावा. आजीआजोबांस विचारून पूर्वी लव्हाळा कोठे होता ते निराळ्या रंगाने दाखवावे. नकाशा शाळेत जपून ठेवावा व दरवर्षी नव्या वर्गाने तो ताडून पाहावा.

४. फेरीत मुलांस साचलेल्या पाण्यात अनवाणी उतरू देऊ नये. पायास जखम असल्यास लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. खाडीच्या चिखलात व भरतीच्या वेळी कडेस जाऊ नये. कोणताही कंद तोंडात घालू देऊ नये. परत आल्यावर हातपाय साबणाने धुवावेत.

या कामास खर्च नाही. एक कुदळ, एक बादली व एक डबा एवढे साहित्य पुरे. पुढील पावसाळ्यात एखाद्या मुलाने रस्त्याच्या कडेची पाती चिमटीत धरून फिरवली आणि 'हे गवत नाही' असे शेजारच्या मुलास सांगितले, म्हणजे पाठ साधला असे समजावे.